मेबलच्या पोटातली ठकठक

थांबा, थांबा! दारावरचा आकडा बघून मला जत्रेतल्या टकरीची गाडी समजू नका. मी मेबल बोलतेय, अमेरिकेत मोंटानातल्या हॅल्व्हर्सनांची जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी. रंग मूळचा मोहरीचा, आता त्यात गंजाचा वाटा बराच आहे. पण परवा डोंगर चढले ना, एका दमात चढले! ती हकिकत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तशी मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली. तरुणपणी जंगलखात्यात होते. वणवा लागला की पंप, फावडी आणि घामेजलेली माणसं घेऊन धुरात शिरायचं. पुढे लिलावात ऑरिन हॅल्व्हर्सनने मला घेतलं. घरी आणलं तेव्हा त्याची नवी नवरी इंगा पाव मळता मळता धावत बाहेर आली. माझ्या बॉनेटवर पिठाचा पंजा उमटवून म्हणाली, "अय्या, ही थेट माझ्या मेबलआत्यासारखी दिसते! कुणाचं म्हणून ऐकायची नाही."

झालं माझं बारसं.

तेव्हापासून दर जूनमध्ये गुरं वरच्या कुरणात गेली की मागून मी जाते. गुरांना चाटायचे मिठाचे ठोकळे, तारेची भेंडोळी, कॉफीचं भांडं, टग नावाचा कुत्रा आणि इंगा. वर लाकडाची एक खोली आहे. खाली इंगा कामाला जुंपलेली असते, वर गेली की गाणं म्हणते. आणि तो रस्ता असा की दुसरी कुठलीही गाडी अर्ध्यावर मान टाकते. मी आहे म्हणून वरचं कुरण आहे, आणि कुरण आहे म्हणून इंगाचं गाणं आहे. ही फुशारकी नाही, खरंच सांगते.

आता आमच्याकडचा रिवाज सांगायला हवा. इथे गाडी चालवणारा माणूस फाटक उघडायला उतरत नाही. शेजारी बसलेला उतरतो, फाटक उघडतो, गाडी पलीकडे गेली की लावतो आणि पुन्हा चढतो. आमची फाटकं म्हणजे काट्यांच्या तारा आणि उभ्या काठ्या. शेवटची काठी जोर लावून ओढायची आणि खांबाच्या फासात अडकवायची. ऑरिनला फाटक ताणलेलं लागतं. ढिलं फाटक म्हणजे आळशी घर, असं त्याचं ठाम मत. इंगा त्या काठीला मिठी मारते, खांदा लावते, लालबुंद होते.

"जरा ढिलं कर की रे ते!"

"गुरं निसटतील."

"आधी मी निसटेन!"

एवढ्या वर्षांत हे संभाषण मला तोंडपाठ झालंय. ऑरिन माझं स्टिअरिंग कुणाच्या हाती देत नाही, इंगाच्याही नाही. आणि एकटा कधी कुठे जात नाही. फाटकं कोण उघडणार?

मागच्या पानगळीत इंगाच्या पायाखालचा माझा पत्रा कुजून भोक पडलं. रस्त्यावरचा चिखल तिच्या मोज्यात उडायला लागला. तिने ऑरिनचं डोकं खाल्लं, तेव्हा त्याने कोठारातून एक जुनी टिनाची पाटी काढली. "कृपया फाटक लावून घ्या" असं तिच्यावर लिहिलेलं. ती कापून ठिगळ मारलं, बोल्ट आवळले आणि वर रबराची चटई टाकली. मग बर्फ पडला आणि मला कोठारात झोपवलं.

मे महिन्यात बाहेर काढलं तेव्हा सगळीकडे गुडघाभर चिखल होता. ऑरिनने माझी पुढचीही चाकं इंजिनाला जोडून चारही चाकं जुंपली, आम्ही निघालो, आणि माझ्याच पोटातून आवाज आला.

ठक. ठक. ठक.

वेग वाढवला की ठकठकठक! ऑरिनच्या कपाळाला आठ्या पडल्या. इंगाने डॅशबोर्ड थोपटला, जणू मला उचकी लागली होती. आवाज थांबेना.

दुसऱ्या दिवशी डुएन आला. डुएन हा गावातला मेकॅनिक, हात गुणी, पण त्याला एक नाद आहे. ऑगस्टच्या जत्रेत आमच्याकडे गाड्यांची टक्कर असते. काचा काढून, दारं वेल्ड करून म्हाताऱ्या गाड्या मैदानात सोडतात आणि त्या एकमेकींना धडका देतात. शेवटपर्यंत जी हलते ती जिंकली. लोक शेंगदाणे खात ओरडत असतात. डुएन तिथला हिरो! मागच्या तीन गाड्यांचा त्याने चोथा केलाय. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काय भक्कम बांधा आहे रे हिचा!" आणि माझ्या अंगावर काटा आला.

त्याने अंगणात मला चालू ठेवून लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावलं. काही नाही, मी एकदम गप्प. "चालवून बघावी लागेल," म्हणाला. चालवणार अर्थातच ऑरिन. डुएन आपले मोठे बूट घेऊन शेजारी बसला, आणि फाटकापर्यंत जाईतो ठकठकठक!

"ऑरिन, इंजिन ठणठणीत आहे. पण चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी गेली. आतले दात झिजलेत. हिचे पार्ट आता मिळत नाहीत रे."

"नक्की?"

"आवाज माझ्या पायाखालीच येत होता. शंकाच नको."

ऑरिन बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मग घेऊन जा. निदान लोकांच्या टाळ्या घेऊन मरेल. वरचं कुरण शेजाऱ्याला देऊन टाकू. आपलंही वय झालंच."

डुएनला इतका आनंद झाला की त्याने खिशातल्या रंगाच्या फवाऱ्याने तिथल्या तिथे माझ्या दारावर ७३ रंगवून टाकलं. इंगा आत गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात घासायला लागली.

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि खरं सांगू, मीही मानलं. तुम्हा माणसांसारखंच झालं माझं. दोन जाणती माणसं म्हणाली की दात झिजले, की आपल्यालाही दात दुखायला लागतात.

मला डुएनकडे पोचवायचा दिवस आला. ऑरिन किल्ली घेऊन बाहेर आला, तर इंगा स्टिअरिंगवर बसलेली.

"सरक."

"नाही सरकणार. तिची शेवटची फेरी आहे. मी चालवणार."

"आणि फाटकं?"

"तुला हात आहेत ना?"

ऑरिनने टगकडे बघितलं. टगने मान फिरवली. ऑरिन मुकाट्याने शेजारी बसला. ठकठकठक करत आम्ही पहिल्या फाटकाशी पोचलो.

आणि मग जी मजा झाली! ऑरिनने काठीला हात घातला, ओढली. काठी ढिम्म. खांदा लावला. टोपी चिखलात पडली. दातओठ खात त्याने फास सोडवला तेव्हा तो लालबुंद झाला होता, अगदी इंगा होते तसा.

"कुठल्या गाढवाने ताणलंय हे!"

"नाव सांगू का त्याचं?" इंगा खिडकीतून म्हणाली आणि मला पलीकडे घेऊन गेली. तिथे थांबायला हवं होतं. पण तिने मान तिरकी केली, कान टवकारले आणि थांबलीच नाही.

"इंगा! अगं ए! मी राहिलो!"

इंगाने गिअर टाकला. सगळं शेत ओलांडलं, वळसा घातला, चिखल उडवत परत आली. माझ्या पोटात शांतता! नुसता इंजिनाचा घुमघुम आवाज. चारही चाकं जुंपलेली, वेग चांगला, आणि एक ठक नाही! मला वाटलं, मी मेले की काय.

"चढ," ती ऑरिनला म्हणाली.

तो चढला. ठक. ठक. ठक.

"उतर."

"आत्ता तर चढलो!"

"उतर म्हणते ना!"

उतरला. आम्ही पुढे गेलो, मागे आलो. गप्प!

"फाटक धरून उभी असते तेव्हा रोज ऐकते मी," इंगा म्हणाली. "माझ्यासमोरून जाताना ही कधीच वाजत नाही. तुला सांगितलं तर म्हणालास, दहा फुटांत काय वाजणार! चढ आता. आणि पाय वर घे."

"काय?"

"पाय! डॅशबोर्डवर ठेव."

सत्तरी ओलांडलेल्या ऑरिनने कण्हत, शिव्या देत दोन्ही बूट डॅशबोर्डवर चढवले. इंगाने मला पळवलं. गप्प.

"खाली!" ठकठकठक.

"वर!" गप्प.

"खाली!" ठकठक.

टग भुंकायला लागला. इंगा हसत होती आणि रडतही होती. माझ्या जिवाचं म्हणाल तर मला हॉर्न वाजवावासा वाटत होता. तेवढ्यात इंगानेच तो वाजवला, चांगला लांबलचक!

ऑरिन चिखलात आडवा होऊन माझ्याखाली सरकला. खाली पुढच्या चाकांना ताकद नेणारा दांडा गरगर फिरत असतो, शेजारच्या सीटच्या बरोबर खालून. त्याच्या वर ऑरिनचं ते टिनाचं ठिगळ. आणि ठिगळातून एक भलामोठा बोल्ट बोटभर खाली लोंबत होता, कारण आमचा ऑरिन चांगला बोल्ट कधी कापत नाही, न जाणो पुढे उपयोगी पडला तर! वर कुणी पाय ठेवला की टिन खाली वाकायचं आणि बोल्टचं टोक दांड्याच्या फिरत्या जॉइंटवर आपटायचं. त्या गंजलेल्या अंधारात ते टोक घासून घासून चांदीसारखं चकाकत होतं.

माझ्याखाली ऑरिनने त्या टोकावर अंगठा फिरवला.

"सापडलं का?" इंगाने विचारलं.

"हं."

"पेटी?"

"...बोल्ट."

"कुणी लावला होता?"

"इंगा, हॅकसॉ दे आणि गप्प बस."

त्याने बोल्ट तिथेच कापला. संध्याकाळी डुएनला बोलावून त्याच सीटवर बसवलं, बूट खाली ठेवायला लावले आणि दोन मैल फिरवलं. डुएनने टोपी काढली. "मी पायाखालचा आवाज म्हणालो होतो," असं पुटपुटला. मग आकडा पुसून देतो म्हणाला, पण इंगाने पुसू दिला नाही. "राहू दे. बघणाऱ्याला कळू दे कुठून परत आली ते."

जत्रेच्या दिवशी मी मैदानाबाहेर उभी होते. आतून धडकांचे आवाज येत होते. माझ्या वयाच्या कितीतरी जणी होत्या त्यात. एखादीचा नुसता बोल्ट लांब असेल, कोण जाणे. त्यांना मी मनातल्या मनात निरोप दिला.

बाकी माझं उत्तम चाललंय. मी वरच्या कुरणात आहे आणि खोलीतून गाणं ऐकू येतंय. तुम्हाला एवढीच विनंती, एखाद्या जुन्या जिवाला टकरीला धाडण्याआधी एकदा सीट बदलून बघा.

आणखी एक राहिलंच. बोल्ट सापडला त्याच आठवड्यात ऑरिन पक्कड घेऊन निघाला आणि खालपासून वरपर्यंत प्रत्येक फाटक ढिलं करून आला. कुणी सांगितलं नव्हतं. आता काठी एका हाताने निघते. इंगाला मात्र त्याचा काही उपयोग नाही. ती उतरतच नाही, स्टिअरिंग तिच्याकडे आहे.