दसऱ्याच्या हारानंतर

मी एक जुना थर्मामीटर आहे. मित्रांनो, १९९४ पासून मी नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात आम्लाच्या टाकीत लटकत होतो. तिथे दारांच्या ॲल्युमिनियमच्या मुठींवर विजेने संरक्षक थर वाढवत. त्या थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. त्यांत काळा रंग भरायचा आणि उकळत्या पाण्यात ती मिटवायची. आम्ल वीस अंशांवर राहिले, तर थर टणक होतो. तापले, की तेच आम्ल वाढता थर खाऊ लागते, छिद्रे रुंदावतात आणि थर भुसभुशीत होतो.

२००३ च्या दसऱ्यानंतर आठवडाभरात दोनदा माल परत आला. मुठीवरून बोट फिरवले, की बोट काळे होई.

टाकी सुवर्णा सांभाळत असे. सुपरवायझर सोमनाथ तिला म्हणाला, "तीन वाजता गिऱ्हाइकाचा माणूस येतोय. आता बोट काळं झालं, तर उद्यापासून तू येऊ नकोस."

"दादा, करंट तोच, वेळ तीच. मी वेगळं काय केलं?"

"ते तूच सांग. थर्मामीटर तर एकोणीस दाखवतोय."

दाखवत होतोच. पण कुठले एकोणीस, हे मला सांगता येत नव्हते.

सुवर्णा माझ्याकडे बघत राहिली. माझ्या गळ्यात झेंडूचा सुकलेला हार होता. पूजेला मला टाकीच्या मधल्या दांडीवरून काढून, कुंकू लावून, कोपऱ्यातल्या थंड पाइपाला बांधले होते. तिथे हार छान दिसत होता. तेव्हापासून मी एकोणीस दाखवले, की आम्ल थंड करणारा चिलर बंद केला जाई. मधले आम्ल मात्र मुठींभोवती तापत राही.

पाऊण वाजला होता. टाकीत मुठी होत्या, करंट चालू होता. सुवर्णाने हातमोजे चढवले, दोरा कापला आणि मला मुठींमध्ये सोडले. बावीस. पंचवीस. अठ्ठावीस.

"बिघडलाय तो," सोमनाथ म्हणाला.

तिने मला पुन्हा पाइपाजवळ धरले. एकोणीस. परत मध्ये. अठ्ठावीस.

"हार कुणी बांधला होता, दादा?"

"मीच," सोमनाथ म्हणाला. मग त्यानेच करंट तोडला, त्या मुठी बाजूला काढायला लावल्या, चिलर लावला आणि आम्ल ढवळणारी हवा पूर्ण सोडली.

मधल्या दांडीवर मी वीस दाखवले तेव्हा दीड वाजत आला होता. नव्या मुठी आत गेल्या. उकळत्या पाण्यातून निघाल्या, तेव्हा तीनला पाच मिनिटे कमी होती.

आलेल्या माणसाने खिशातला पांढरा रुमाल काढून मूठ दोनदा घासली. रुमाल पांढराच राहिला. दुसऱ्या दिवशी सुवर्णा कामावर आली.

आता टाकीला आकडे दाखवणारे नवे यंत्र आहे आणि मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेला असतो. मित्रांनो, दसऱ्याला आम्हाला हार जरूर घाला. फक्त पूजा झाली, की आम्हाला आमच्या जागी परत ठेवा.