गाऊनची आतली बाजू

घरात तिला सगळे ‘चौकशी’ म्हणत, आणि ते नाव तिनं कष्टानं कमावलं होतं. दाराशी आलेल्या पोस्टमनलाही त्याच्या पिशवीला कप्पे किती हे विचारल्याशिवाय ती सोडत नसे. शाळा संपली आणि दोन फॅशन कॉलेजांत तिचा नंबर लागला. शनिवारपर्यंत त्यातल्या एकाला होकार कळवायचा होता. एक कॉलेज मोठं, सगळं काचेचं. दुसरं एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. बाबांचं ठरलेलं होतं, मोठंच. ते लेडीज टेलर. पोरीनं आपल्यासारखी मान मोडून शिवत बसू नये, एवढंच त्यांच्या डोक्यात. चौकशीचं घोडं मात्र एकाच प्रश्नावर अडलं होतं: इथून बाहेर पडलेल्या मुली पुढं करतात तरी काय?

मोठ्या कॉलेजातल्या प्रवेशाच्या मॅडमना तिनं तेच विचारलं. मॅडमनी भिंतीवरचे तीन फोटो दाखवले. एक परदेशात, एक सिनेमात, एकीचं स्वतःचं दुकान.

“आणि बाकीच्या?”

“त्याही छान सेटल झाल्यात.”

“म्हणजे कुठं?”

फोन वाजला नव्हता, तरी मॅडमनी तो उचलला.

छापखान्यावरच्या सरांनी बोटांवर मोजून सांगितलं. गेल्या वर्षीच्या अठरा जणी. सात कारखान्यांच्या सॅम्पल विभागात, चौघी कपड्यांचे कागदी पॅटर्न कापतात, तिघी नाटकांचे कपडे शिवतात. एक हॉस्पिटलातल्या पेशंटचे गाऊन बनवते आणि ते पाठीमागून उघडे पडू नयेत म्हणून सध्या डोकं लढवते आहे. दोघींनी हे काम सोडलं. “आणि एकीचा पत्ता नाही. फोनच उचलत नाही,” सर म्हणाले. ऐकायला यात चमकदार काही नव्हतं. पण त्या फोन न उचलणारीमुळं चौकशीचा बाकीच्या सतरा जणींवर विश्वास बसला.

गुरुवारी मोठ्या कॉलेजात विद्यार्थ्यांचं प्रदर्शन होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सोबत आले. दालनाच्या मधोमध पहिल्या बक्षिसाचा हिरवा गाऊन उभा होता, आणि लोक त्याच्यासमोर माना वाकड्या करून वाहवा करत होते. चौकशी अर्थातच मागच्या बाजूला गेली आणि तिनं खाली बसून घेर उलटा केला.

“अगं, हात नको लावूस!” बाबा म्हणाले. जरा जास्तच घाईनं.

घेराची हातशिलाई बारीक, नेटकी होती, आणि तिचा प्रत्येक टाका उलट्या बाजूला कलला होता. उजव्या हातानं शिवणाऱ्यांचे टाके एकीकडे कलतात, डावखुऱ्या बाबांचे दुसरीकडे. लहानपणापासूनच्या सगळ्या फ्रॉकांच्या आत तिनं ते पाहिले होते. शेजारच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘संकल्पना आणि निर्मिती’, आणि खाली एका विद्यार्थिनीचं नाव.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर ती म्हणाली, “बाबा, तो गाऊन तुमचा आहे.”

“ड्रॉइंग त्या मुलीचं. फार सुंदर होतं हो ड्रॉइंग. मी आपला फक्त शिवला.”

“फक्त?”

“अकरा दिवस लागले,” बाबांनी कबूल केलं.

“आणि निर्मिती म्हणून नाव तिचं!”

“म्हणूनच तर तुला इथं घालायचंय. शिवणाऱ्याचं नाव कुठं नसतंच गं. तुझं तरी असावं.”

चौकशीला रडू आलं. पण रडता रडताही तिच्या डोक्यातलं चाक फिरतच होतं.

“इथल्या मुली दरवर्षी येतात तुमच्याकडं?”

“येतात की. यंदा सहा होत्या.”

“आणि नोकरी लागल्यावर?”

“एक अजून येते. ऑफिसात बाही बसवायला सांगितली, की सुट्टीच्या दिवशी बिचारी माझ्या दुकानात हजर.”

“आणि छापखान्यावरच्या?”

बत्तीस वर्षांची गिऱ्हाइकं बाबांनी मनातल्या मनात चाळून पाहिली.

“त्या नाही येत.”

“एकही?”

“एकही नाही,” बाबा म्हणाले, आणि तेव्हा कुठं त्यांना आपलंच बोलणं ऐकू आलं.

“मग मी इथं शिकले, तर माझा गाऊन कोण शिवणार?”



शुक्रवारी सकाळी बाबांनी स्वतःच छापखान्यावरच्या कॉलेजचा होकाराचा फॉर्म पुढं ओढला आणि भरायला घेतला. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मोठ्या कॉलेजच्या फॉर्मवर त्यांनी तिथं ‘कापड व्यापार’ असं ठोकून दिलं होतं. आता त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि एवढ्या ठळक अक्षरांत ‘लेडीज टेलर’ लिहिलं, की ते रकान्यात मावलं नाही.