नवऱ्याच्या सहीची रेघ

मेट्रनबाईंना इस्पितळात सगळे पाठीमागे 'सुप्रीम कोर्ट' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. गर्भपाताच्या बाबतीत काय चालतं नि काय नाही, हे डॉक्टरसुद्धा त्यांनाच विचारत. कायद्याचं पुस्तक कपाटात होतं. कपाटाची किल्ली कुठे आहे, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी त्यांनी कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या एका बाईला परत पाठवलं. "नवऱ्याची सही आणा."

"तो सही देणारा असता तर मी एकटी आले असते का, बाई?"

"ते मला नका सांगू. कायदा आहे."

गर्भपाताची तिची कायदेशीर मुदत संपायला चार दिवस उरले होते. फॉर्मची घडी पिशवीत घालून ती गेली. अशा बायकांना जरा धावपळ घडलेली बरी, असं मेट्रनबाईंचं मत होतं. आणि स्वतःच्या मतालाही त्या कायदाच समजत.

दुपारी प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेली वकीलबाई वयाने त्यांच्या धाकट्या लेकीएवढी. तिने आधी वीस प्रश्नांचा पेपर वाटला. मेट्रनबाईंनी तो दहा मिनिटांत उरकला आणि कागद जरा तिरका धरला, म्हणजे मागच्या नर्सना मान फार लांब करावी लागू नये.

"कमाल आहे," पेपर तपासून वकीलबाई म्हणाली. "अकरा जणींचा सातवा प्रश्न चुकलाय, आणि अकराही जणींनी अगदी त्याच शब्दांत. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. तिची स्वतःची पुरते. कुठे वाचलंत हे?"

"आमच्या फॉर्मवरच आहे की!" एका नर्सने फॉर्म पुढे केला.

वकीलबाईने तो उजेडात धरला. "वरचं सगळं छापील आहे. ही शेवटची ओळ हाताने लिहिलीय. कुणाचं अक्षर?"

एकोणीस वर्षांपूर्वी कुणाचा तरी नवरा दारात येऊन तमाशा करून गेला, तेव्हा पुन्हा कटकट नको म्हणून मेट्रनबाईंनी पट्टी लावून रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं, 'नवऱ्याची सही'. मग झेरॉक्सची झेरॉक्स निघत गेली, आणि ती रेघ सरकारनेच मारलीय असं पुढे त्यांनाही वाटायला लागलं.

दहाजणी माना खाली घालून बसल्या. मेट्रनबाईंकडे न बघण्याची इतकी मेहनत कुणी कधी घेतली नव्हती.

"माझं," म्हणून मेट्रनबाई उठल्या, त्या चहालाही थांबल्या नाहीत.

रजिस्टरमध्ये सकाळच्या बाईच्या नावापुढे फोन नंबर होता, पण नवऱ्याचा. तोही त्यांचाच नियम. मग त्या तिच्या कामाच्या पत्त्यावर चालतच गेल्या.

बाई कारखान्याच्या जिन्यात आली, सोबत एक मैत्रीण. काही विचारायच्या आत तिने कागद पुढे केला. "आणली सही. त्यांचीच आहे हो, शपथ." मैत्रिणीच्या अंगठ्याला निळी शाई लागलेली होती.

मेट्रनबाईंचे कान तापले. "लागत नाही ती. तुमची एकटीची पुरे. उद्या सकाळी या."

"सकाळी तर लागत होती?"

खरं काय ते सांगायचं, हे वाटभर पाठ केलं होतं. तोंडातून निघालं भलतंच. "नियम बदललाय. आजच."

"जेवणाच्या सुट्टीत?" मैत्रीण म्हणाली.

बाईने मात्र त्यांचे दोन्ही हात धरले. "एवढ्यासाठी चालत आलात! कोण करतं हो असं?" तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर मेट्रनबाईंनी आनंदाने ऐकल्या असत्या.

मैत्रीण त्यांच्याकडे बघत होती. "गेल्या वर्षी मलाही परत पाठवलं होतंत. तुम्हाला कुठे आठवणार! मग मी भलत्याच ठिकाणी जाऊन आले. महिनाभर अंथरुणाला खिळले होते." अंगठ्याची शाई ती पदराला पुसू लागली. "तेव्हा होता ना नियम?"

'होता' म्हटलं की सुटका होती. मैत्रिणीलाही तेच ऐकायचं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"नव्हता," मेट्रनबाई म्हणाल्या. "कधीच नव्हता. मीच लिहिलं होतं ते."

वरून मुकादमाने दोघींना हाक मारली. बाई गेली. मैत्रीण पायरीवर बसली, आणि मेट्रनबाईही बसल्या, तिच्यापेक्षा एक पायरी खाली.