खिडकीवरून खुंटीवर

मी औषधांची पिशवी बोलतेय. तोंड मोठं आहे नि पोटात बरंच साठलंय, तेव्हा ऐकून घ्या.

जन्माने मी पडदा. शिंपीणबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर पिवळी फुलं मिरवायची. काय दिवस होते ते! बाई मशीनवर बसलेल्या असायच्या आणि यजमान कामावरून येताना खालूनच शीळ घालायचे. मला बाजूला सारून बाई बघायच्या नि म्हणायच्या, "आले कान किटवायला." चेहरा मात्र फुललेला.

उन्हाने मी विटले तेव्हा बाईंनी मला फेकलं नाही, पिशवी शिवली. पट्ट्याला दुहेरी शिलाई. अजून उसवलेली नाही.

आधी मी भाजी आणली. मग यजमानांना शुगर निघाली, मागोमाग बीपी, मग गुडघे. भाजी सुटली, गोळ्या आल्या. दर दुखण्याला डॉक्टर वेगळा, आणि सगळ्यांची दारं पाहिलेली मी एकटीच. पण उपयोग काय? एका डॉक्टरकडे निघताना यजमान बाकीच्या डॉक्टरांच्या गोळ्या काढून कपाटात ठेवायचे. दुसरीकडे जातो हे कळलं तर डॉक्टर रागावतील म्हणे. डॉक्टर काय रुसलेले जावई आहेत?

पुढे त्यांच्या पायांवर सूज आली. जो तो म्हणाला, वय झालं. किडन्या गेल्या, आणि यजमानही गेले.

मग बाईंनाही तेच तीन आजार लागले. गुडघ्यांसाठी त्या यजमानांच्या गोळीचं जुनं पाकीट औषधवाल्याला दाखवायच्या आणि तीच गोळी आणायच्या. यजमानांना आराम पडायचा ना, मग झालं! डॉक्टरांपासून लपवायची खोडही त्यांचीच उचललेली. गेल्या वर्षी बाईंच्याही पायात चप्पल शिरेना. मशीन चालवता येईना. बाईंचं मशीन बंद म्हणजे घर मुकं.

बाईंची भाची मोठ्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर काम करते. एकाच वेळी चारचार आजार घेऊन जगणाऱ्या हजारो माणसांची माहिती ती एकत्र मांडते. आजार सुटा बघायचा नाही, अख्खा माणूस बघायचा, हे तिचं काम. सूज पाहून तिने औषधं मागितली. बाई सवयीने निवडायला बसल्या.

"निवडू नकोस, मावशी. कपाटातलंही आण आणि ओत सगळं."

त्या दिवशी पहिल्यांदा मी पूर्ण रिकामी झाले. गुडघ्यांचं पाकीट हातात घेतलं आणि भाचीचा चेहरा उतरला. हेच तीन आजार असलेल्यांत, बीपीच्या औषधाबरोबर रोज ही गोळी खाणाऱ्यांच्या किडन्या जास्त बिघडल्याचं तिला माहितीत दिसलं होतं. ती बाईंना तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेली, मला भरून. तपासण्या झाल्या, ती गोळी बंद झाली. सूज हळूहळू उतरली. किडनी थोडी दुखावलीय, पण वाचली.

नंतर एकदा भाचीने कॉम्प्युटरवर ती सगळी माणसं दाखवली. नुसते ठिपके.

बाईंनी विचारलं, "यात हेही आहेत का गं?"

"असणार. काका शेवटी आमच्याच दवाखान्यात होते ना. पण नावं नसतात, मावशी. कुठला ठिपका ते नाही सांगता येणार."

बाई पुढे वाकून ठिपके न्याहाळू लागल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या गर्दीतूनही हाक मारलीच की त्यांनी."

आता मी खिडकीशेजारच्या खुंटीवर असते. शिलाई घट्ट आहे, पोट हलकं आहे. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेलच. तिला अर्धी रिकामी करून डॉक्टरांपुढे नेऊ नका. लाज कसली त्यात? जीव तुमचा आहे.

मशीन पुन्हा चालू झालंय. खाली रस्त्यावर कुणी शीळ घातली, की ते क्षणभर थांबतं. खिडकीवर आता नवा पडदा आहे, त्याला काय कळणार? मला कळतं.