चिखलीच्या घराची किंमत

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि पुष्पाबाईंनी पाच वर्षांचं जुनं गाऱ्हाणं पुन्हा काढलं.

"जिंदगीभर लोकायचा दाणा न् दाणा मोजला तुह्या बापानं, अन् आपलं घर मातीच्या भावानं देलं. नाहीतर अर्धे पैसे आपल्या भावाले देले असतील गुपचूप."

कोकिळा पाहुण्यांची अंथरुणं घडी करत राहिली. तिचे वडील उकंडराव चिखलीच्या धान्यबाजारात मापारी होते. एकसष्ट साली कोकिळाला खामगावच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा चिखलीचं घर विकून सगळे खामगावला आले. आणून ठेवले पंधराशे. शेजारचं तेवढंच घर त्याच साली तीन हजारांना गेलं होतं. बायकोनं विचारलं की ते म्हणत, "भेटले तेवढे भेटले," आणि पानावरून उठत. पाच वर्षं हेच चाललं. शेवटच्या दुखण्यातही.

आता उत्तर देणारं माणूसच राहिलं नव्हतं. पण खरेदीखत नोंदवलेलं असणार. कागदावर तीन हजार निघाले तर बाप खोटा, पंधराशे निघाले तर खुळा. दोन्ही तिला नको होते. तरी रविवार सरताच तिने शाळेत रजा टाकली आणि पहिल्या गाडीने चिखली गाठली.

नोंदणी कचेरीतल्या भाऊराव कारकुनाने अर्ज पाहिला, फी घेतली आणि चष्मा पुसला.

"घर तुमचंच होतं का, ताई?"

"वडिलांचं."

"मंग त्यायलेच विचारा ना. फुकट होईल."

"गेले ते. पंधरा दिवस झाले."

भाऊरावांचे हात थांबले. "बसा, माय," असं म्हणून त्यांनी स्वतःच स्टूल पुढे केलं. मग सूचीचं रजिस्टर उघडून बोट खाली खाली नेलं. "हे पाहा. खरेदी देणार उकंडराव, खरेदी घेणार अब्दुल गनी. रुपये पंधराशे."

म्हणजे खुळा. कोकिळा उठू लागली.

"पुरा दस्त वाचा ना, फी भरलीच आहे. लोक निस्ता आकडा पाहून जातात," भाऊराव म्हणाले आणि एक जाड पुस्तक तिच्यापुढे सरकवलं.

तिने वाचलं. चारी बाजूंच्या हद्दी झाल्यावर एक कलम होतं: परसातील डाळिंबाखालची चार हात जागा खरेदी देणाराच्या मुलाची आहे. ती खरेदी घेणाराने किंवा त्याच्या वारसांनी कधी खोदू नये, तीवर बांधू नये. या अटीमुळे अर्धी किंमत कमी केली आहे.

कोकिळाच्या आधी एक मुलगा झाला होता, सव्वा महिन्यात गेला. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. परसात पुरलं होतं. आत्याने एकदा दबक्या आवाजात सांगितलं, तेवढंच तिला ठाऊक. घरात त्याचं नाव कोणी काढत नसे. घर सोडताना सामान गाडीत चढेपर्यंत आई परसात बसून होती, आणि बाबा दारातून नुसतं "चाल" म्हणाले होते, हे मात्र तिने पाहिलं होतं.

ती तशीच जुन्या घरी गेली. गनीभाईंच्या बायकोने, अमीनाने, तिला ओळखलं आणि न विचारताच परसात नेलं. डाळिंब वाळून गेलं होतं. नवी न्हाणी बांधताना भिंत मात्र त्या जागेला वळसा घालून नेली होती.

"मिस्त्री हसला आमाले. म्हने, भिंत वाकडी काऊन घेता?" अमीना म्हणाली. "आमचे हे म्हनले, जबान देली हाये."

संध्याकाळी कोकिळाने आईला ते कलम सांगितलं, उतरवून आणलं होतं तसं, शब्द न बदलता. पुष्पाबाई तांदूळ निवडत होत्या. हात चालत राहिले.

"मले काऊन नाही सांगतलं त्यायनं?"

कोकिळाला उत्तर माहीत होतं. सांगायचं तर त्या लेकराचं नाव घ्यावं लागलं असतं. 

"मी ताटावर बोलत होती त्यायले," पुष्पाबाई म्हणाल्या. "रोज. जेवता जेवता."

मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

"डाळिंब हाये काय व?"

"वाळलं. जागा तशीच आहे."

"नारायण नाव ठेवलं होतं आम्ही त्याचं," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या घरात ते नाव ऐकू आलं. ऐकायला उकंडराव नव्हते.