सोडा संपला म्हणून मीठ

कॉलेजात प्रयोगशाळेच्या बाई दरवेळी बजावायच्या, "मिठाच्या पाण्यात वीज सोडायची तर आधी खिडकी उघडा." मी समीकरण पाठ केलं, पैकीच्या पैकी गुण मिळवले. खिडकीला गुण नव्हते.

पुढे आई झाले आणि घरातल्या प्रत्येक कोपऱ्याला स्पंज चिकटवला. त्यामुळे सासऱ्यांनी, म्हणजे निवृत्त मेकॅनिकनी, गंजलेले पाने विजेने साफ करायचं काढलं तेव्हा मी तत्परतेने फर्मान काढलं, "बाबा, बाथरूममध्ये करा. कडी लावून. बाळ रांगतंय." खिडकीही मीच लावली. बाळाला सर्दी होते ना.

प्रकार साधा. बादलीत पाणी, गाडीच्या बॅटरीचा चार्जर. ऋण तारेला पाना, धन तारेला जुन्या सेलमधली कार्बनची काळी कांडी. आपणहून जे कधीच घडलं नसतं ते वीज दमदाटी करून घडवते. पान्यावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंज सुटतो. पाण्यात फक्त धुण्याचा सोडा हवा.

"सोडा संपलाय, मीठ घातलं," बाबा आतून म्हणाले. "दोन्ही पांढरंच."

फरक मला ठाऊक होता. लेखी. मिठातलं क्लोराइड धन कांडीपाशी इलेक्ट्रॉन सोडतं आणि विषारी क्लोरीन वायू होऊन बाहेर पडतं. पण मी तेव्हा डायपरची टेप किती घट्ट असावी या राष्ट्रीय प्रश्नात गुंतले होते.

अर्ध्या तासाने दाराच्या फटीतून पोहण्याच्या तलावासारखा वास आला. मागोमाग खोकला.

"बाबा, बाहेर या."

"थांब गं, आत्ता कुठे चमकायला लागलाय."

"चमकू दे. तुम्ही या आधी."

उत्तर आलं नाही. बाळाला पाळण्यात टाकलं, चार्जरचं बाहेरचं बटण बंद केलं आणि खांद्याने कडी उखडली. बाबा बुटक्या स्टुलावर, बादलीवर वाकलेले. हा वायू हवेपेक्षा जड, खालीच साचतो. नेमका स्टुलाच्या उंचीवर. श्वास रोखून त्यांना काखेत धरून ओढलं.

दवाखान्यात दोन दिवस ऑक्सिजन. डॉक्टरांनी विचारलं, "इतकं बंद कुणी केलं होतं?"

"मीच," बाबा मास्कमधून म्हणाले, माझ्याकडे न बघता.

जिना चढताना त्यांना अजून धाप लागते. तुमच्या घरातही कुणीतरी दार लावून काहीतरी दुरुस्त करत असेल, आणि बराच वेळ आवाज आला नसेल. मला शहाणी म्हणत बसू नका. उठा, दार वाजवा, बघून या.