लाल दिव्याची रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. चाकांवर उभी आहे, असं सांगणार होते, पण खोटं कशाला बोलू? चाकं केव्हाच काढून नेली. एका गॅरेजच्या मागच्या अंगणात मी विटांवर टेकले आहे. डावीकडचं दार चेपून आत गेलं आहे आणि पुढच्या काचेच्या जागी गोणपाट टाकलं आहे. माझं रूप पाहून हसू नका. मीही कधी नवी होते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या चकचकीत अंगात पाहून भांग पाडता येत असे. माझी पहिली मालकीण शिक्षिका होती. ती मला लेकीसारखं जपायची, तेलपाणी वेळेवर करायची आणि खड्डा दिसला की आधीच हळू व्हायची. तिची बदली झाली आणि मी एका फिरत्या विक्रेत्याच्या हाती पडले. त्याला सदा घाई. त्यानं मला पळवलं, दामटलं आणि अंगात काही उरलं नाही असं वाटताच जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला देऊन टाकलं.

या व्यापाऱ्याला सगळे गोडबोल्या म्हणत. बोलणाऱ्याची मातीसुद्धा खपते म्हणतात, आणि हा तर बोलण्यात पटाईत. त्यानं मला धुतलं, रंगवलं, आसनांना नवी कव्हरं चढवली. इंजिनात दाट तेल ओतलं, म्हणजे त्याची खरखर काही दिवस दबून राहते.

आम्हा गाड्यांना तोंड नसतं. दुखलंखुपलं तर सांगायचे आमचे दोनच मार्ग, आवाज आणि दिवा. माझे ब्रेक थकले होते. त्यांचं ऑइल थेंब थेंब झिरपत होतं, म्हणून स्टिअरिंगमागचा लाल दिवा सारखा पेटायचा. गोडबोल्यानं ब्रेक दुरुस्त केले नाहीत. त्यानं दिव्याचा बल्बच काढला आणि रिकाम्या जागेवर काळी चिकटपट्टी लावली. माझा एक मार्ग असा बंद झाला. उरला आवाज.

आणि मित्रांनो, मला विकत घेणाऱ्या माणसाला ऐकू येत नव्हतं.

मी त्यांना काका म्हणते. त्यांचा सगळा जन्म कापडाच्या गिरणीत मागांच्या खडखडाटात गेला. मागांनी पोट भरलं आणि कान नेले. तिथे ते मागाच्या चौकटीवर तळवा ठेवून बिघाड ओळखायचे. मलाही त्यांनी तसंच पारखलं. बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि काकूंना म्हणाले, "अगं, काय गुळगुळीत चालतंय बघ!" तो दाट तेलाचा गुळगुळीतपणा होता. उभ्या गाडीचे ब्रेक कुणाच्या तळव्याला कळणार? लाल दिवा कुठे असतो हेच काकांना माहीत नव्हतं, कारण ही त्यांची पहिलीच गाडी. मग तो पेटत नाही हे त्यांना कसं समजावं?

गाडी हौसेसाठी नव्हती. काकूंची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा त्यांना टेकडीवरच्या दवाखान्यात रक्त शुद्ध करून घ्यायला जावं लागे. परतताना त्यांच्या अंगात त्राण नसे. बसची वाट पाहत त्या फुटपाथच्या कडेलाच बसून राहायच्या आणि काका त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहायचे. मी आल्यावर ते थांबलं. पहिल्या दिवशी काकूंनी माझ्या आसनावर मान टेकली आणि घर येईपर्यंत झोपल्या. इतकं मोलाचं काम मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

काकू काकांचे कान होत्या. दारावरची थाप, कुकरची शिट्टी, मागून येणारा हॉर्न, सगळं त्याच सांगायच्या आणि काका त्यांचे ओठ वाचायचे. त्यामुळे चौकात थांबताना माझे ब्रेक पहिल्यांदा कर्रकन घासले, तेव्हा त्यांनी लगेच काकांच्या दंडाला हात लावला. दोघं गोडबोल्याकडे गेले. त्यानं तीन महिन्यांची हमी दिली होती, पण दुरुस्ती त्याच्याचकडे करायची. दुसऱ्या कुणी हात लावला तर हमी गेली.

दुकानात गिऱ्हाइकं बसली होती. गोडबोल्या काकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "आवाज येतो म्हणता? तुम्हाला?"

सगळे खो खो हसले. काकांना शब्द ऐकू गेले नाहीत, पण हसणारी तोंडं दिसली.

"काकू, वय झालंय गाडीचं, कुरकुर करणारच," तो वळून म्हणाला. "आपण नाही का करत?" मग त्यानं चाकाजवळ कसलासा फवारा मारला आणि आम्हाला वाटेला लावलं. चोर तो चोर, वर शिरजोर!

काका माझ्यात येऊन बसले. "गिरणीत माझ्या हाताखाली चाळीस माग होते," एवढंच ते म्हणाले.

दोन दिवसांनी फवाऱ्याचा असर संपला आणि मी पुन्हा ओरडले. काकांनी काकूंकडे पाहिलं. "थांबला ना गं आवाज?"

काकूंनी माझा आवाज स्पष्ट ऐकला होता. त्या काकांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "थांबला हो. अगदी शांत आहे."

इतक्या वर्षांच्या संसारात त्या कानांनी सांगितलेलं ते पहिलं खोटं. काका पेट्रोल भरायला उतरले, तेव्हा काकूंनी माझ्या डॅशबोर्डवर हात ठेवला. "जरा दमानं घे गं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "हमीचे एवढे दिवस सरू देत. मग तुला कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेते. यांना पुन्हा त्या मेल्याच्या दारात उभं करू नकोस."

मी दमानं घेऊ शकत नव्हते. लोखंडावर लोखंड घासत होतं. मी दर वळणावर जिवाच्या आकांतानं ओरडत होते. काकू खिडकीबाहेर बघायच्या.

हमीचा शेवटचा आठवडा होता. दवाखान्यातून आम्ही टेकडी उतरत होतो. काकू नेहमीसारख्या ग्लानीत होत्या. उताराच्या पायथ्याशी बस थांबली होती आणि दारात माणसांची गर्दी होती. काकांनी ब्रेकवर पाय दिला. पाय थेट तळाला गेला. त्यांनी पुन्हा दाबला, हँडब्रेक खेचला. मी थांबले नाही. माणसं जवळ येत होती. काकांनी मला डावीकडच्या दगडी भिंतीवर घातलं.

काकू जागा झाल्या होत्या. त्या "अहो" म्हणाल्या. ते ऐकलं फक्त मी.

बसजवळच्या कुणालाही ओरखडासुद्धा आला नाही. काकांचा हात मोडला. काकू गेल्या.

पुढे कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं मला ओढून इथे आणलं. काका हात गळ्यात बांधून आले. त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून मेकॅनिक सावकाश बोलत होता. "काका, हे एका दिवसात झालेलं नाही. ब्रेकचे पॅड पार झिजलेत. कितीतरी दिवस घासत असणार. मोठा आवाज येत असणार."

"आवाज?" काकांनी विचारलं.

"हो. आत बसलेल्याला सहज ऐकू जाईल असा."

काकांनी मान हलवली. "नाही. आवाज असता तर हिनं सांगितलं असतं. ही माझ्यापासून काही लपवायची नाही."

मेकॅनिक खाली वाकला, डॅशबोर्ड खोलला आणि काळी चिकटपट्टी ओढून काढली. रिकाम्या जागेत त्यानं एक बल्ब बसवला आणि किल्ली अर्धी फिरवली. माझा दिवा पेटला. लालभडक, काकांच्या डोळ्यांसमोर.

काका बघतच राहिले. मग लहान मुलासारखे रडू लागले. "हा मला दिसला असता रे," ते म्हणाले. "हा तर मला दिसला असता."

मित्रांनो, कुणी जुनी गाडी दाखवली तर रंगावर भाळू नका. किल्ली अर्धी फिरवा. क्षणभर सगळे दिवे पेटले पाहिजेत. एखादा पेटला नाही, तर विकणाऱ्याला तिथेच विचारा आणि तो हसला तर हसू द्या. दुसरी गोष्ट सांगायला मला जड जातं, कारण काकूंवर माझा जीव होता. जे कानावर येईल ते आपल्या माणसाला सांगा. त्याला वाईट वाटेल, वाटू दे.

काका अजून येतात. गोणपाट सारून आत बसतात, किल्ली फिरवतात आणि दिव्याकडे बघत राहतात. जाताना बॉनेटवर तळवा ठेवतात आणि विचारतात, "ओरडली नव्हतीस ना गं तू?"

इंजिन थंड असतं. त्यांच्या तळव्याला काहीच कळत नाही, आणि माझ्याच्यानं ते सांगवलंही नसतं.